टाकीला लावलेला कान

घरी चहाला बोलवावं आणि पाहुण्यानं ग्लासाला दिवा लावून बघावं, असं तुमच्याकडं झालंय का? आमचा शुक्रवार पेठेतला शेजारी गुरप्पा खिशातनं पेनाएवढी बॅटरी काढतो, ग्लासाच्या एका अंगाला टेकवतो, दुसऱ्या अंगाला एक डबी धरतो. डबीवर आकडा उमटला की मग तोंड उघडतो.

"दुधात पाणी हाय, तात्या."

"मीच घातलंय."

"तेच डबी सांगती की."

गुरप्पा दूध डेअरीत मशिनी दुरुस्त करायचा. दुधातनं आवाज सोडायचा, माणसाच्या कानाला न कळणारा. तो पलीकडं किती लवकर पोचतो त्यावरनं दुधाचा कस कळायचा. नोकरी सुटली, खोड राहिली. "माणूस खोटं बोलतोय, पाणी न्हाय. उजेड टाका, आवाज सोडा, सगळं ओकतंय, नोडप्पा," हे त्याचं रोजचं. नोडप्पा म्हणजे कानडीत बघ बाबा. भाच्याच्या लग्नात ह्यानं मठ्ठ्याच्या पिंपात बॅटरी बुडवली. आचारी झारा घेऊन धावला, आणि नवरीकडचे सरकारी साहेब समजून गुरप्पाला पहिल्या पंगतीला ओढू लागले.

माझी बायको सुमन गेली आणि घरातलं पाण्याचं गणित तिच्याबरोबर गेलं. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. गच्चीवरची टाकी तीच भरायची. मी मोटर चालू करून बसायचो तो बसूनच. पाणी बोळात वाहायचं. मग एक दिवस गुरप्पा शिडी घेऊन आला. टाकीच्या झाकणाला आतनं दोन डोळ्यांचं यंत्र बसवलं. ते खाली आवाज सोडतं, आवाज पाण्यावर आपटून माघारी येतो, त्यावरनं पाणी किती ते कळतं. "हा कान हाय," म्हणाला. टाकी भरली की त्याच्या घरात ठेवलेल्या दुसऱ्या डबीत पिपाणी वाजणार, तो येऊन मोटर बंद करणार. मला वाटलं, एक कटकट गेली.

मागच्या महिन्यात लेकीचा फोन आला म्हणून पहाटेच करकंबला गेलो. दार ओढून घेतलं, ते आपोआप लागतं. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तर बोळात ही गर्दी. माझं दार बिजागरीतनं निघून भिंतीला टेकलेलं, उंबऱ्यावर गुरप्पा, हातात पहार. मला बघून तो पांढराफटक पडला. दार बघून मी पडलो.

"कुटं मेला होतास?" आजवर मला अहोजाहो करणारा माणूस.

"लेकीकडं. दार का फोडलंस?"

"कालपासनं टाकी एक बोटबी खाली गेली न्हाय. आंघोळ न्हाय, च्या न्हाय, संडासला पाणी न्हाय. जित्या माणसाची टाकी अशी ऱ्हाती व्हय?"

"तू रोज माझं पाणी बघतोस?"

"टाकी वाहू नये म्हणून असला कान लागतोय काय? त्याला साधा बॉलकॉक बास की." त्यानं पहार खाली ठेवली. "वैनी गेल्यापासनं सकाळी तुमचं पाणी हललं, की मग मी च्या ठेवतो."

गर्दीतनं पलीकडची पद्माक्का म्हणाली, "आमच्या टाकीत नाय ना रे असला कान?"

संध्याकाळी सुतार दार बसवून गेला. मी विचारलं, "तुझी टाकी कोण बघतं?"

गुरप्पानं लग्न केलेलं नाही. तो बॅटरीची काच सदऱ्यानं पुसत राहिला. "बघाय कोन हाय हितं?"

"मग दुसरा कान आण आणि तुझ्या टाकीला लाव. त्याची डबी माझ्याकडं दे."

आता ती डबी सुमनच्या फोटोशेजारी असते. मला तिच्यातलं सगळं वाचता येत नाही, पण आकडा उतरला की त्यानं पाणी घेतलं, एवढं कळतं. पहिल्या सकाळी मी ठरवलं, ह्याचं पाणी हललं की चहा ठेवायचा. आकडा हलेना. ऊन अंगणात आलं तरी हलेना. पायात चपला घातल्या, आणि मग उमगलं, तो तिकडं माझ्या पाण्याची वाट बघत बसलाय.

माघारी फिरलो, मोरीत बादली नळाखाली लावली. बादली भरेपर्यंत डबीवर त्याचा आकडा उतरला.