चार वाजताचा मजकूर

सोसायटीच्या ग्रुपवर मी काही लिहिलं, की त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास माझ्या दाराखालून एक कागद आत सरकतो. कागदावर माझाच मजकूर छापलेला असतो आणि त्यावर लाल शाईने इतकी काटछाट केलेली असते, की मला शाळेचे दिवस आठवतात. काही शब्दांभोवती गोल, काहींवर फुल्या, समासात बेडकाच्या पिल्लांसारख्या शेपट्या. खाली सही नसते. तिची गरजही नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एवढा उद्योग करणारा माणूस एकच, माझ्या समोरच्या दारातले गावडेकाका.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. हौसेने झाले नाही. मीटिंगला पोचायला उशीर झाला, तोपर्यंत बाकीच्यांनी मला निवडून टाकलं होतं. त्यामुळे लिफ्ट, पाणी, गच्चीची किल्ली हे सगळं ग्रुपवर मीच लिहिते, एका हाताने कुकर उतरवता उतरवता. पहिला कागद आला तो टाकी धुण्याच्या सूचनेचा. मी लिहिलं होतं, "ऊद्या सकाळि पाणि येनार नाही टाकि साफ करनार आहे सर्वानी नोंद घ्यावि". मला त्यात आजही काही गैर वाटत नाही. पाणी आलं नाही, टाकी साफ झाली आणि सर्वांनी नोंदही घेतली.

मी तो कागद घेऊन तडक समोर गेले. काकांनी दार उघडलं. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन.

"काय हे काका?"

"मजकूर बरा आहे," ते शांतपणे म्हणाले. "अंगावर कपडे नाहीत, एवढंच."

"अहो, पाणी येणार नाही हे कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. पण हे छापलं असतं तर?"

"कोण छापणार होतं?"

यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं, की मीच सॉरी म्हणून परत आले. घरी आल्यावर मग चिडले.

"हे छापलं असतं तर?" हे त्यांचं पालुपद. काका गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासण्याच्या खात्यात होते. छापखाना बंद झाला तेव्हाच घरी बसले. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. काकांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, आणि ते छत्री कुठेतरी राहून गेल्यासारखं म्हणतात.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटलेलं नाही. चौथ्या मजल्यावरचे छेडाभाई आमचे खजिनदार. त्यांनी मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण कौतुकाने मराठीत लिहून ग्रुपवर टाकलं. पाच वाजता त्यांच्या दाराखाली कागद. छेडाभाई तो घेऊन माझ्याकडे आले.

"मीनलबेन, मी इकडेच मुलुंडला जन्मला. हौसने मराठीमधी लिहिला. आणि हे बघा, त्यांनी नवरामुलगाला पण गोल केला."

मुलाच्या नावाभोवती खरंच लाल गोल होता. मी काकांना जाब विचारला, तर म्हणाले, "नावात चूक आहे. बाकी मुलगा चांगला आहे."

इथपर्यंत ठीक. प्रत्येक सोसायटीत एक तरी असा असतो. पण गावडेकाकांच्या बाबतीत काही गोष्टींचा मला मेळच लागत नसे. एक तर, दुसऱ्याचं अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या या माणसाने ग्रुपवर स्वतः कधी एक शब्द लिहिला नव्हता. कोणाच्या वाढदिवसाला नुसता अंगठासुद्धा नाही. दुसरं म्हणजे, रोज साडेतीनला ते झेरॉक्सवाल्याकडे जाऊन दिवसभराचे मेसेज छापून आणत आणि चार वाजता दार लावून घेत. मग पाचपर्यंत कोणीही बेल वाजवली तरी दार उघडत नसे.

एकदा गॅसवाल्याचा निरोप द्यायला मी सव्वाचारला त्यांच्या दाराशी गेले. आतून काकांचा खणखणीत आवाज येत होता.

"पाणी. बाणातला ण. वेलांटी पहिली. टाकी. वेलांटी पहिली. पुढे स्वल्पविराम नाही. पूर्णविराम नाही. काहीच नाही."

मग शांतता. मग काका म्हणाले, "बरं."

एक एकटा माणूस बंद दाराआड माझी पाण्याची सूचना मोठ्याने म्हणत होता आणि वर स्वतःलाच 'बरं' म्हणत होता. मला काही समजेना. बेल न वाजवता मी परत आले.

तक्रारी वाढत गेल्या. शेवटी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की काकांना ग्रुपमधून काढून टाकावं. ग्रुप दिसलाच नाही तर छापतील काय? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू? काका मागच्या खुर्चीवर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"काढू नका," ते म्हणाले. "हवं तर कागद टाकायचं बंद करतो." मग जरा थांबून म्हणाले, "नाही. ते बंद नाही करता येणार. पण मला काढू नका."

चार वर्षांत मी त्यांना कोणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. आणि मागत होते ते काय, तर आमच्या ग्रुपमधली जागा. मला स्वतःला तिथून सुटायला मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

तोडगा छेडाभाईंनी काढला. "काढायचा कशाला? आपुन चुकायचाच नाही." त्यांनी फोन वर करून दाखवला. फोनमध्ये एक नवीन सोय आली होती. आपण वेडंवाकडं काहीही लिहा, बटण दाबलं की शुद्ध मराठी बाहेर. सगळे खूश झाले. त्याच रात्री प्रत्येकाने ती सोय आपापल्या फोनमध्ये घेतली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा ग्रुप ओळखू येईना. जिन्यात मांजर आलं, तर तळमजल्यावरून निरोप आला: "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की, आपल्या इमारतीच्या जिन्यामध्ये एका मार्जाराचे आगमन झाले आहे." छेडाभाई मेंटेनन्सची आठवण करून देताना "आपल्या सुहास्य सहकार्याची अपेक्षा" ठेवू लागले. कोणी कोणावर खेकसत नव्हतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. माझ्या दाराखालून कागद यायचा बंद झाला.

म्हणजे काकांच्या मनासारखं झालं. त्यांनी खरं तर जिलबी वाटायला हवी होती. पण तसं काही दिसेना. झेरॉक्सला जाणं बंद झालं. शर्टाची इस्त्री गेली. आठवड्याभराने ते माझ्याकडे आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"हल्ली कोणी चुकत नाही गो," ते म्हणाले.

"तुम्हाला हेच हवं होतं ना?"

त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांचा ग्रुप आहे ना? त्यात मला घालशील?"

मी थक्क झाले. "काका, तिथे तुमचं काय काम? माझे चुलतभाऊ भांडतात तिथे."

"मराठीतच भांडतात ना?"

मी सरळ नाही म्हणाले, आणि जरा तोडूनच म्हणाले. ते उठून गेले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. चुकलं तरी ह्या माणसाला त्रास, नाही चुकलं तरी त्रास. करायचं तरी काय?

शनिवारी एका अर्जावर त्यांची सही हवी होती. चार वाजून गेले होते, पण आता कसलं चार आणि कसलं पाच, म्हणून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका टेबलाशी बसले होते. समोर फोन उभा करून ठेवला होता आणि हातात एक जुना, पिवळट पडलेला कागद होता. ते वाचत होते, "दिवाळी. वेलांटी पहिली. फराळ..."

"गावडे," फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "हे गेल्या दिवाळीचं आहे. याची करेक्शनं तेव्हाच गेली."

काकांनी कागद उलटा करून पाहिला.

"काम संपलं वाटतं," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "तसं असेल तर सांगा. संपतंच कधीतरी."

"नाही, नाही," काका घाईघाईने म्हणाले. "येणार आहे. मोठा मजकूर येणार आहे. सोमवारी नक्की येईल."

"बरं. ठेवते." फोन बंद झाला.

काकांनी वळून मला पाहिलं. मी अर्ज पाठीमागे लपवला. का लपवला, कोण जाणे.

"फिलूबाई," ते म्हणाले. "वाकोल्याला असतात. आमच्या छापखान्यात होत्या."

मग त्यांनी सांगितलं. मुद्रित एकट्याने तपासत नाहीत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची आणि चुका धरायच्या. सव्वीस वर्षं ते दोघं एका टेबलाला समोरासमोर बसले होते.

"वाचायचो मी," काका म्हणाले. "तपासायच्या त्या. माझं मराठी कुठलं एवढं पक्कं? मी सातवी नापास. आवाज चांगला म्हणून घेतला होता मला."

मी त्या लाल पेनाकडे बघत राहिले. "म्हणजे आमच्या कागदांवरच्या दुरुस्त्या..."

"सगळ्या त्यांच्या. मी नुसता त्या सांगतील तशा घालतो." ते जरासे हसले. "चार वर्षांपूर्वी फोन आला. म्हणाल्या, गावडे, डोळे गेले, काही वाचायला आहे का? नाही कसं म्हणू? तुमचा ग्रुप होता, तोच वाचला. त्यांना छापलेलं दिसत नाही, म्हणून काना-मात्रा सांगत वाचतो. खूप हसतात हो. छेडाभाईंचा मजकूर असला की दोनदा वाचायला लावतात."

"मग पुस्तक वाचा ना एखादं. वर्तमानपत्र वाचा."

"ते तपासलेलं असतं. त्यांचा भाचा लावून देतो रेडिओ. त्यांना ऐकायचं नसतं, काम लागतं. आणि रोज विचारतात, कालची करेक्शनं ज्याची त्याला गेली का? गेली म्हणायचं तर जायला नकोत?"

म्हणून ते कागद. चार वर्षं मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला लाज वाटली.

"तुम्ही त्यांच्याकडे जात का नाही? वाकोला काय लांब आहे?"

"जाऊन बोलू काय?" काका म्हणाले, आणि हा प्रश्न त्यांनी खराच विचारला होता. "मजकुराशिवाय आम्ही कधी बोललोच नाही गो. आता तोही नाही."

घरी येऊन मी आधी छेडाभाईंना फोन केला. "ती फोनमधली सोय बंद करा. बाकीच्यांनाही सांगा."

"अरे, मग परत लाल गोल?"

"हो."

"मीनलबेन, मला काय समजला नाही."

"मलाही आत्ताच समजलंय. तुम्ही आधी बंद करा."

छेडाभाई भला माणूस. सोमवारी सकाळीच त्यांनी पार्किंगवर चौदा ओळी लिहिल्या, एका दमात, कुठेही न थांबता. मी मात्र लिफ्टची सूचना लिहायला अर्धा तास घेतला. मुद्दाम चुकणं फार कठीण असतं. एक चूक करावी तर ती बरोबरच आहे की काय, अशी शंका यायची. शेवटी प्रत्येक शब्दात एक तरी चूक बसवली आणि पाठवून दिलं.

साडेतीनला काका झेरॉक्सला गेले. शर्टाला इस्त्री होती. चार वाजता दार लागलं. मी आमच्या दारामागे उभी राहून ऐकत होते. खणखणीत आवाजात छेडाभाईंचं पार्किंग दोनदा वाचून झालं. मग माझी लिफ्ट आली. ती वाचून झाल्यावर बराच वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, "बरं. लिहितो."

पाच वाजता कागद आत आला. लाल शाईत नुसता न्हाऊन निघालेला. तळाशी काकांच्या कष्टाने काढलेल्या अक्षरात फिलूबाईंचा निरोप होता: "छेडा यांचा मजकूर उत्तम. सेक्रेटरीबाईंनी चुका मुद्दाम केलेल्या आहेत. एवढे श्रम घेऊ नयेत. नेहमीसारखं लिहावं, तेवढं पुरतं."

मी तो कागद घेऊन तिथेच जमिनीवर बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्यात माझा अपमान झाला की आभार मानले गेले, ते मला अजून कळलेलं नाही. कुकरची शिट्टी झाली, तेव्हा उठले आणि एका हाताने तो उतरवता उतरवता दुसऱ्या हाताने ग्रुपवर उद्याच्या पाण्याचं लिहायला घेतलं.