पिंपळखुटे काकांचे हरवलेले फोल्डर

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडीचे पाय आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर मी जे काही लिहिले ते किराण्याच्या यादीत. पण पिंपळखुटे काकांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि मी त्यांच्याकडे नऊ वर्षे पोळ्या करते.

घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर आवक क्रमांक टाकणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? पत्रिका हातात पडली की काका नवरानवरीचे नाव वाचत नाहीत. आधी खिशातून पेन काढून कोपऱ्यात नंबर आणि तारीख टाकतात. पत्रिका देणारा दारातच उभा असतो. मग काका म्हणतात, "हं, आता बसा."

त्यांचा जन्म सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेला. छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा भोपाळहून आपल्या वाट्याच्या फायली आणायला जी माणसे गेली, त्यांत काका होते. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ट्रक कुठे पंक्चर झाला तेही सांगू शकते. गोष्टीचा शेवट ठरलेला. "अख्खं राज्य उचलून आणलं सुमन, पण एक कागद नाही हरवला."

रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात कॉम्प्युटर बसवला आणि ईमेलची रेकॉर्ड रूम केली. आलेले पत्र संध्याकाळपर्यंत आपल्या फोल्डरमध्ये गेलेच पाहिजे. जाहिराती आल्या तर त्याही उघडून वाचायच्या, मगच कचऱ्यात टाकायच्या. फोल्डरची नावे देवनागरीत होती, म्हणून मलाही वाचता यायची. नगर निगम. पेन्शन. विद्युत. आणि सगळ्यांत खाली विवेक.

विवेक म्हणजे काकांचा एकुलता एक पोरगा. काकू मी यायच्या आधीच वारल्या. विवेकभैया शिकायला कॅनडाला गेला तेव्हा काकांनी त्याला आपल्या फंडाचे पैसे दिले, पण कर्ज म्हणून. नोकरी लागल्यावर दर महिन्याला हप्ता, आणि हप्त्यासोबत पत्र. नुसते पैसे आले तर काका लगेच लिहून पाठवायचे, "पत्र जोडलेले नाही." शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "बाप हाये का बँक?" खरे सांगते, मलाही तसेच वाटायचे.

एक दिवस मी कणीक भिजवत होते तर काकांनी हाक मारली.

"सुमन, विवेक कुठं आहे?"

"कॅनडाले."

"तो नाही. फोल्डर."

पडद्यावर विवेक नव्हता. त्याच्या आतले वर्षावर्षाचे फोल्डरही गेले होते. काकांचा चेहरा उतरला होता, पण पद्धत सुटली नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि माझा जबाब सुरू झाला.

"सकाळी तू इथं काय करून राहिली होती?"

"पुसून राहिली होती. टेबल, खुर्ची, हा माऊस."

"माऊस वरवर पुसला का दाबून?"

"कळकट होता काका."

"म्हणजे दाबून." त्यांनी लिहून घेतले. मी सही केली.

मग तपास लागला. कचरापेटी उघडली, एकेक पत्र पाहिले. तिथे नव्हते. "म्हणजे कोणी फेकलं नाही. इकडचं तिकडं झालं आहे." मेलच्या कंपनीला त्यांनी अर्ज केला, विषय फोल्डर गहाळ झाल्याबाबत. उत्तर आले ते सगळ्यांना जाते तसले. पडद्यावर शोधायची एक चौकट होती. मी म्हटले, तिच्यात नाव टाका. काका म्हणाले, "ज्याला आपली जागा माहीत नाही तो चौकट वापरते." तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ते चौकटीत विवेक लिहीत होते. चौकट उघड्या फोल्डरपुरतेच शोधायची. काही मिळाले नाही.

त्या दिवशी त्यांनी एकच पोळी खाल्ली. विजेचे बिल आले ते तसेच टेबलावर पडून राहिले, नंबर न टाकता. मला राहवले नाही.

"विवेकभैयाले फोन करा ना. म्हणा, जुनी पत्रं पुन्हा पाठव."

"फोनवर काय बोलतो आम्ही? बरा आहेस? बरा आहे. जेवला? जेवलो. अर्ध्या मिनिटात दोघंही घड्याळ पाहून राहतो." ते चष्मा पुसत बसले. "कागदावर त्याला चार ओळी तरी लिहाव्या लागते. एकदा लिहिलं, बर्फावर घसरून पडलो. एकदा लिहिलं, पोहे केले, गोळा झाला. हे फोनवर सांगते का कोणी? आणि पुन्हा पाठव म्हणू, तर त्याच्याजवळ कशाला ठेवलं असन?"

काका एवढी वर्षे वसुली कशाची करत होते ते मला तेव्हा समजले.

दुसऱ्या दिवशी काका अंघोळीला गेले होते आणि मी पडदा पुसत होते. इंग्रजी मला येत नाही, पण रोज पुसून पडद्यावर काय कुठे असते ते पाठ झाले आहे. विवेकच्या पोटात वर्षांचे फोल्डर होते म्हणून त्याच्या नावासमोर बाणाचे एक बारीक टोक असायचे, बाकी कोणासमोर नसायचे. आज ते विद्युतसमोर होते. मी फडके बाजूला ठेवले आणि काका येईपर्यंत हात मागे बांधून उभी राहिले.

"काका, विद्युतले टोक कधीपासून आहे?"

काका वाकले. टोकावर दाबले. विद्युतच्या पोटात विवेक होता, आपल्या सगळ्या वर्षांसकट.

"पोट्ट्याची बदली केली तू विद्युत विभागात," काका म्हणाले आणि खूप हसले. मला वाटते, मी त्यांना पहिल्यांदाच इतके हसताना पाहिले. त्यांनी फोल्डर ओढून जागेवर नेले. तेव्हा मला दिसले की विवेकचे नाव जाड अक्षरात होते आणि पुढे एकचा आकडा होता. तसा आकडा न उघडलेल्या पत्राचा असतो, हे त्यांनीच मला सांगितले होते.

"हे काहून नाही उघडलं?"

"बारा दिवस झाले." त्यांनी माऊस बाजूला सरकवला. "शेवटचा हप्ता आहे. उघडलं की केस बंद."

मी त्या घरात कधी बसत नाही. त्या दिवशी स्टूल ओढले आणि बसले. "उघडा. मी आहो इथं."

भैयाची शाळा हिंदीत झाली, म्हणून पत्र हिंदीत होते, तीन ओळींचे. बाबा, इसके साथ पूरा हो गया, एक बार मिला लीजिए. यहाँ ठंड शुरू हो गई है. काकांनी पासबुक काढले आणि दोनदा हिशेब जुळवून पाहिला. चूक असती तर त्यांना आवडले असते, पण चूक नव्हती.

मग ते एका बोटाने पोच लिहायला लागले. मराठीत लिहीत होते, म्हणून मी वाचत गेले. विषय परतफेडीबाबत. रक्कम पूर्ण मिळाली. काही बाकी नाही. इथे बोट थांबले. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या तरी ते हलले नाहीत.

"असंच पाठवू?"

"तुमाले जे पाहिजे ते मागा ना काका. पैसेच मागाचे असते का?"

मग शेवटची ओळ त्यांनी एकेक अक्षर करून पुसली, तिच्या जागी दुसरी लिहिली आणि पत्र पाठवून दिले.

रक्कम पूर्ण मिळाली. पत्रव्यवहार चालू ठेवावा.