पोटाचा घेर आणि मनोहर अण्णा

मनोहर अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतच नसत. आधी पोटाकडे बघत, आणि नमस्कारही बहुधा त्यालाच करत. भालकीच्या बसस्टँडामागे त्यांची रक्त तपासायची एका खोलीची लॅब होती, आणि खिशात कायम शिंप्याची टेप.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या काळात आमच्याकडे पोट सुटलं म्हणजे माणसाचं बरं चाललंय, एवढाच अर्थ होता. मी मराठी शाळेतला मास्तर. हातपाय काडीसारखे, पोट मात्र सावकाराला शोभेल असं. एकदा भर बाजारात अण्णांनी मला टेप लावली. मी श्वास रोखला.

"पोट कामून आत घ्यायलाव, गुरुजी? सोडा की!"

"अण्णा, वजन बरोबर आहे माझं."

"काटा समदं मिळून सांगतंय. चरबी कुठं बसलीय, ते टेपच सांगती."

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलवरून घरी हजर. रक्त उपाशीपोटीच हवं आणि लोकांचा भरवसा नाही, म्हणून अण्णा चूल पेटायच्या आत घरोघर जात. पण पाहुण्याला एकट्याला चहा कसा प्यायला लावायचा? बायकोने त्यांच्यासाठी चहा आणला, सोबत म्हणून मीही कप तोंडाला लावला. अण्णांनी सुई परत डबीत ठेवली.

"तुमच्या मानपानात माझी तपासनी गेली!" म्हणाले, आणि चहाला हातही न लावता निघून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि रक्त घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांनी लॅबमध्ये मला नळी दाखवली. रक्त खाली बसलेलं. वरचं एरवी पिवळसर नितळ असणारं पाणी दूध घातल्यासारखं पांढुरकं झालं होतं. पोटावरची चरबी मी रोज बघत होतो, रक्तातली पहिल्यांदाच पाहिली. नकळत हात जोडले गेले.

"ही चरबी. आन् एसजीपीटी बी वाढलंय. लिव्हरमदी चरबी राह्यला आली की आतलं हे एसजीपीटी रसायन रक्तात झिरपतंय."

मी हादरलो. घरात दोन लहान मुली. "पण मी दारूला शिवतसुद्धा नाही!"

"चरबीला दारू लागत न्हाई, गुरुजी. चला फिरायला."

सरकारी दवाखान्यात नळ्या धुता धुता शिकलेला हा माणूस माझ्या पोटाच्या आतलं सांगत होता, आणि एमए झालेला मी निमूट ऐकत होतो.

मग रोज संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या रस्त्याने चालू लागलो. समोरून कुणी आलं की अण्णा पुटपुटत, "बेचाळीस इंच. भज्याचं हाय." माझी भजी, साखर, तूप सगळं सुटलं.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. नळीतलं पाणी नितळ, एसजीपीटीही खाली. आनंदाने मला काय करू नि काय नको असं झालं. अण्णा मात्र पाठ करून नळी धूत राहिले. धुऊन झाली तरी धूतच राहिले.

"ब्येस झालं," हळूच म्हणाले. "आता उद्यापासनं फिरायला येनार न्हाईत ना? रिपोर्ट चांगला आला की कुनी येत न्हाई."

अण्णांची बायको वारल्यापासून त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि चार महिने मी फक्त माझ्या लिव्हरबद्दल बोलत होतो. मला माझीच लाज वाटली.

"अण्णा," मी म्हटलं, "उद्या जरा लवकर निघू. पार रेल्वे फाटकापर्यंत जाऊ."