गाऊन लावलेला माल

वेल कापावी तर रोनिननंच! निदान रोनिनचं तरी असंच मत होतं. पेरूतल्या उकायाली नदीकाठच्या आमच्या गावात ते ऐकायला कुणी थांबत नसे, हा भाग वेगळा.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा सासूच्या घरी राहायला जातो. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो बिनकामाचा जावई ठरण्यात, आणि रोनिननं त्या वाटेवर बरीच मजल मारली होती. नदीतले मासेसुद्धा त्याचं जाळं ओळखून होते! शेवटी सासू ओर्तेन्सियाबाईंनी आपल्या मुलीला, पेकोनला बजावलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, या वेळची वेलीच्या तुकड्यांची मागणी नीट पुरी कर. मग आजीची वेल कायमची त्याच्या हाती. नाहीतर ती धाकट्या जावयाकडे जाईल." निरोप मुलीकरवी, कारण जुन्या वळणाच्या त्या घरात सासू आणि जावई एकमेकांशी थेट बोलत नसत.

आजीनं लावलेली ती आयावास्काची, औषधी काढ्याची वेल म्हणजे गावाची शान. मांडीएवढी जाड, आणि कापली की आत फूल उमलल्यासारखी नक्षी! पुकाल्पा शहरातल्या फिओरेलाबाई वनस्पती-संग्रहांसाठी तिचे तुकडे नमुने म्हणून विकत घेत. गावात त्यांना सगळे 'इंजिनियर' म्हणत. त्यांची अट एकच: मूळ राखायचं, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यामागे एक तुकडा लावायचा.

रोनिननं वेलीवर तंबाखूचा धूर सोडला, तिची परवानगी मागितली आणि मूळ राखून झकास कापणी केली. तुकडे केळीच्या पानांवर मांडले. लावणी? ती काय, मागाहून झाली असती! नवा शर्ट चढवून स्वारी इंजिनियरबाईंना आणायला धक्क्यावर गेली.

बाईंना घेऊन परत येऊन बघतो तर पानं रिकामी!

सासूबाई हाताची माती झटकत उभ्या होत्या. घरामागच्या जमिनीत सगळे तुकडे ओळीनं खोवलेले!

"पेकोन! तुझ्या आईला विचार, माझा माल कुठाय?"

सासूबाई चार पावलांवर होत्या. तरी पेकोन वळली. "आई, हे विचारतायत..."

"ऐकू आलं मला! त्याला सांग, मला वाटलं माल होडीत गेला, हे लावायचे राहिलेत. ओली वेल पडलेली दिसली की मी लावून मोकळी होते."

"तिला सांग, तोच माल होता! सगळाच्या सगळा!"

"मग लावायचे तुकडे कुठायत, विचार त्याला."

रोनिनचा चेहरा पडला. पेकोननं तो प्रश्न पुढे पोचवायची तसदीच घेतली नाही.

फिओरेलाबाई मात्र ओळींमधून हरखून फिरत होत्या. "काय सुरेख लावणी! बरं, आता माल दाखवा."

रोनिननं धावत जाऊन पहिला तुकडा धरला.

"हात लावायचा नाही म्हणावं!" सासूबाई गरजल्या. "एकेक तुकडा गाणं म्हणून लावलाय मी. उपटायचा असेल तर आधी गाणं परत घे, म्हणावं!"

गाणं परत कसं घ्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजिनियरलासुद्धा! रोनिननं त्या ओळींकडे बघितलं. रडू यायच्या बेतात होतं, तरी मनात आलं, या बाईला खरंच तोड नाही.

"बाई, हाच माल," तो म्हणाला. "मी एकही लावला नव्हता. सगळे यांनीच लावले."

फिओरेलाबाई खो खो हसत सुटल्या. "विकायचा मालच लावून टाकणारं घर पहिल्यांदाच पाहिलं! तयार कधी होईल हे?"

"पाच वर्षं तरी लागतील," रोनिन म्हणाला.

"मग माल इथूनच नेईन. पण तोवर राखणार कोण?"

"रोनिन!" सासूबाई सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या. पेकोनच्या हातातला वाडगा निसटला. "आजीची वेल आणि या सगळ्या, आता तूच बघ."

रोनिनची छाती फुगली. तोही रीत विसरला. "आई, माझ्यावर एवढा विश्वास?"

"विश्वास कसला! पाच वर्षं काही कापायचं नाही, नुसतं बघत बसायचं. तेवढं तुला छान जमतं."