दत्तारामाचा शहाणपणाचा दाखला

‘आपली मुलगी मुकी असल्यास तसे कळवावे,’ एवढीच ओळ हेडमास्तरांनी चिठ्ठीत लिहिली होती. ती तिसऱ्यांदा वाचून होईतो दत्तारामाचा आवाज मालवणच्या बंदरापर्यंत पोचला होता.

“मुका? माजा चेडू मुका? ह्या मास्तराक दर्यात बुडवन काढतंय!”

“ब... बाबा, मी...” आठ वर्षांची आनंदी कोपऱ्यातून म्हणाली.

“तू गप रव! बापूस बोलता ता दिसत नाय?”

“तुमीच गप रवा आधी!” चुलीपाशी बसलेली जानकी त्याच्या वरताण ओरडली.

आनंदीचं वाक्य तिथेच राहिलं. त्या घरात तिची पुष्कळ वाक्यं अशी अर्धीच राहिली होती. दत्ताराम रापणीचा मुख्य. किनाऱ्यावरून ते अजस्र जाळं ओढायला चाळीस माणसं दोराला लागत, आणि वाऱ्यातून चाळीसांच्या कानी जायचं तर ओरडावंच लागे. तो आवाज घरी येताना किनाऱ्यावर ठेवायचं त्याला कधी सुचलं नाही. जानकीने मीठ मागितलं, तर शेजारची गोदूबाई आपलं मीठ घेऊन येई, इतकं ते घर मोठ्याने बोले. या गदारोळात आनंदी वर्षभरापूर्वी अडखळू लागली. शाळेत पोरं हसली, तेव्हापासून शाळेत तिने तोंडच उघडलं नव्हतं.

त्रेसष्ट साल होतं. मुंबईच्या इस्पितळात मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या जेसिंताबाई नाताळसाठी महिनाभर माहेरी आल्या होत्या. रोज सकाळी त्या मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर मुलं बघत. जानकीने नवऱ्याला तिथे अक्षरशः ओढत नेलं.

बाईंनी आनंदीला कागद-खडू दिले आणि घरातली माणसं काढायला सांगितली. तिने काढलेल्या बापाला डोळे नव्हते, नाक नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं तोंड होतं.

“ह्यो मी?” दत्ताराम उसळला. “आमच्या घरात ओरडता कोण?”

बाहेर रांगेतली दोन तान्ही मुलं दचकून रडू लागली.

“दत्ताराम,” जेसिंताबाई शांतपणे म्हणाल्या, “तिला वाक्य पुरं करू द्या. मध्ये कोणी बोलायचं नाही, चढ्या आवाजात तर नाहीच. खरं सांगू का, उपचार तुमच्यापासूनच सुरू करायला हवेत.”

“पोर बोलत नाय आणि औषध माका?” म्हणून तो जो उठला, तो खुर्ची पाडूनच बाहेर पडला.

सोमवारी रापण टाकली आणि काहीतरी बिनसलं आहे हे त्याच्या लक्षात आलं. एरवी त्याने एक शिवी दिली की दोन परत येत. त्या दिवशी चाळीसही जण गोड हसत होते.

“डावी बाजू ढिली पडली रे, मेल्यांनो!”

“होय होय, दत्तारामा. तू म्हणतंस ताच खरा.”

“काय खरा? ओढा ना!”

“ओढतंव, ओढतंव. तू रागावू नको हां. सावलीत बस.”

दत्तारामाचं टाळकं फिरलं. “सावलीत बसू? मग सोडून देवा तो दोर!”

आणि चाळीस माणसांनी, वेड्याच्या मनाविरुद्ध जाऊ नये म्हणून, मुकाट्याने दोर सोडून दिला. बांगड्यांनी भरलेलं जाळं डोळ्यांदेखत ढिलं पडलं आणि चांदीसारखा मासा पाण्यात निघून गेला. दत्ताराम वाळूत पाय आपटत इतका ओरडला की, उरलासुरला संशयही कोणाला राहिला नाही.

कारण त्याला मासळीबाजारात कळलं. गोदूबाईने टोपली बाजूला ठेवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “मनाच्या डाक्तरणीकडे गेल्लंस म्हणे? बरा केलंस रे बाबा. वेळीच गेल्यार बरो होता माणूस.”

“मी येडो नाय!”

“सगळे तसाच म्हणतत,” गोदूबाई कळवळून म्हणाली.

घरी आला तर जानकीचा भाऊ लवू तारकर्लीहून येऊन बसलेला. घरातला कोयता आणि विळी दोन्ही गायब. लवू कुजबुजल्यासारखा म्हणाला, “भावजी, पाणी देव?” जानकी कुजबुजली, “भात वाढू?” शेजारीही कुजबुजत होते. हे असं दहा दिवस चाललं. भांडायला समोर कोणी नाही, आणि एकट्याने ओरडावं तर लवू दाराला कडी घाली.

अकराव्या दिवशी तो तडक जेसिंताबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. “मी येडो नाय म्हणून लिवन देवा!”

“असा दाखला शहाणी माणसं मागत नाहीत,” बाई म्हणाल्या.

त्याने टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत उलटली आणि बाईंच्या पांढऱ्या साडीवर निळा ओघळ आला. मुंबईची सगळी शांतता त्या ओघळाबरोबर वाहून गेली.

“मेल्या, नाताळाची नवी साडी माजी! येडो नाय तू, आडदांड आसंस नुसतो!” बाई कडाडल्या आणि तशाच रागात त्यांनी कागद ओढला. ‘श्री. दत्ताराम हे वेडे नाहीत. ते फक्त संतापी आहेत.’ खाली सही ठोकली.

तो कागद निशाणासारखा उंच धरून दत्ताराम घरी निघाला. आधी लवूच्या नाकावर आपटायचा, मग बाजारात वाचून दाखवायचा. दारात आला आणि थबकला.

आत आनंदी बोलत होती. “म... मास्तरांनी मग माका उ... उबा केल्यानी. आणि मी अख्खी क... कविता म्हटलंय. कोण हसला नाय.” मध्ये ती तीनदा अडकली. जानकी हातातलं पीठ तसंच धरून थांबली. लवूही थांबला. कोणाला घाई नव्हती.

दत्तारामाने जानकीला मागच्या पडवीत बोलावलं. “तू दवाखान्यात होतंस ना? मी येडो नाय ह्या तुका म्हायत होता. मग गोदूबायक सांगूक नाय?”

“मियाच तर सांगलंय तिका, तुमी येडे झालास म्हणून.” जानकीने मान वर केली नाही. “डाक्तरीण म्हणाली, घर शांत व्हया. तुमी गप रवतलास ह्या काय जमणारा नाय. म्हटलंय, निदान बाकीचे तरी भियान गप रवतले. मीसुद्धा.”

दत्तारामाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. गेलेले बांगडे, गोदूबाईचा हात, लवूची कडी, सगळं एकदम आठवलं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून आवाज आला, “बाबा, मी क... कविता...”

त्याने उघडलेलं तोंड मिटलं. तसाच रागात आत आला, दाखला चुलीत सारला आणि मुलीसमोर पाटावर बसला. कविता सोळा ओळींची होती. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी बाजारात गोदूबाईने विचारलं, “कसा वाटता रे आता, दत्तारामा?”

दत्ताराम दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणाला, “अजून येडोच आसंय, गोदूबाय. बरेच दिवस चलतला म्हणतत.”