बाबांचा आवाज, हसण्यासकट

"मन्नू, बाबांचा आवाज दाबून पाठवू नकोस! इथं पोहोचेपर्यंत पार डब्यातल्या माशासारखा होतो. जसा आहे तसा, खोकल्यासकट पाठव. शब्द दे!"

माझ्या थोरल्या बहिणीचा, नजलाताईचा मॉन्ट्रियलहून आलेला हा हुकूम. मी शब्द दिला. आम्ही कर्कना बेटावरचे. बाबांच्या दर्यावरच्या गोष्टी मी फोनवर टिपते, ताई तिकडे त्यांचा पॉडकास्ट करते. तिच्या कागदपत्रांचं घोडं कित्येक वर्षं पेंड खातंय, त्यामुळे घरी येणं नाही. बाबा तिला भेटतात ते फक्त कानात.

त्यातून या वेळी टिपलेली गोष्ट कदाचित शेवटची! दुसऱ्या दिवशी बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज परत येईलच, असं डॉक्टर म्हणेनात.

फाइल मात्र उंटाएवढी. पण पाच वेळची नमाज आणि सोमवार-गुरुवारचे रोजे न चुकवणारी बाई फाइल पाठवायला चुकेल? छे! मी एकेक सेवा तपासली. पहिली आधी कार्डाचा नंबर मागायची. दुसरीनं बाबांना असं दाबलं, की ते मडक्यात अडकलेल्या ऑक्टोपससारखे बोलू लागले. तिसरी मात्र फुकट आणि अख्खी फाइल नेणारी! तरी मनाची खात्री व्हावी म्हणून इस्तिखारा केला. 'या अल्ला, यात भलं असेल तरच घडव', असा कौल मागायची ही नमाज लोक लग्न ठरवताना पढतात. मी फाइलसाठी पढले! मन शांत झालं. फाइल पाठवली, हिरवी खूण आली. फोन भरून वाहत होता, म्हणून मूळ फाइल पुसून टाकली.

एवढ्यावर थांबले असते तर! पण बाबांना आत नेलं आणि वाटलं, चार माणसांची दुआ लागू दे. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली : 'बाबांचा आवाज ऐका, दुआ करा.'

दुआ म्हटल्यावर आमची माणसं मागे राहतात होय? तुटून पडली!

बाबा सुखरूप घरी आले, त्या दिवशी ताईचा फोन.

"मन्नू, बाबा घरी येईपर्यंत ऐकायचा धीर नव्हता गं. आज लिंक उघडली, तर लिहून आलं, दहा वेळा उतरवून झाली, फाइल नष्ट!"

"असं कसं? मी इस्तिखारा केला होता!"

"अल्लानं सेवा बरोबर दाखवली, बाई. अटी वाचणं तुझ्याकडे होतं!"

मी ग्रुपवर हाका मारल्या. एकजण म्हणे, ऐकली, रडलो, पुसली. दुसरी म्हणे, रडले, पुसली. सगळ्यांचेच फोन भरलेले! शेवटी समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फॅक्सहून दलेंदा आत्याचा फोन आला.

"माझ्याकडे आहे. जपून ठेवलीय. पुरावा म्हणून!"

"कसला पुरावा, आत्या?"

"तुझा बाप जगाला सांगतोय, दलेंदाच्या कुसकुसनं होडीची भोकं बुजतात!"

कुसकुस म्हणजे आमचा वाफवलेला रवा; तो मोकळा व्हायला हवा, आत्याचा गोळा होतो. आत्या इस्पितळात का फिरकली नाही, ते आत्ता कळलं! मी बाबांकडे पाहिलं. गळ्याला पट्टी, बोलायला बंदी. त्यांनी हातांनी होडी केली, बोटानं भोक दाखवलं, ते बुजवलं आणि पसंतीचा अंगठा वर केला!

मी ताईला म्हटलं, "तेवढं वाक्य तू कापून टाक. आत्या निवळेल."

"ते बोलून बाबा हसले होते का गं?"

"पोटभर. आई गेल्यापासून पहिल्यांदा."



"मग काही कापायचं नाही, मन्नू. मला तेच हवंय."

मी आत्याला पुन्हा फोन लावला, हातापाया पडले. अखेर ती म्हणाली, "पेन ड्राइव्ह घेऊन ये. पण आधी माझ्यासमोर ताटभर कुसकुस खायचं. मग कसं झालं ते फोनवर टिपायचं. तेही जगाला ऐकव!"

आज गुरुवार. माझा रोजा. सूर्यास्ताला तो सोडायचा दलेंदा आत्याच्या कुसकुसनं. आणि रोजेदार बाईनं खोटं तर बोलायचं नाही!

बाबांनी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. मग थोडा विचार करून आणखी एक. मी हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि स्फॅक्सच्या बोटीकडे चालू लागले.