हातांनी मागितली सून

मुलाच्या मागणीला आपण स्वतःच बोलायचं असं शुक्रींनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या तोंडात ऑलिव्हचा घास होता. मोठे निर्णय ते नेहमी खाता खाताच घेत. (एकदा नोकरी सोडण्याचा निर्णय त्यांनी कलिंगड खाताना घेतला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांची मनधरणी करून तो मागेही घेतला.)

सल्त गावात शुक्रींइतका बोलका माणूस नव्हता. जमीन-नोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, पण खरी कर्तबगारी जाहामध्ये. मुलाकडची चाळीस-पन्नास पुरुषमंडळी सूट घालून मुलीच्या घरी जातात, ती जाहा. यजमान कडू कॉफीचा पेला म्होरक्यासमोर ठेवतो. म्होरक्या त्याला हातही न लावता म्हणतो, "आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय आम्ही ही कॉफी पिणार नाही." मग भाषण होतं. मग मुलीचा बाप "दिली" म्हणतो आणि सगळ्यांचा जीव कॉफीत पडतो. शुक्रींनी आपल्या भाषणांनी अशा एकतीस कॉफ्या थंडगार केल्या होत्या आणि एकतीस लग्नं जमवली होती.

बत्तिसावी पाळी त्यांच्याच मुलाची आली. राइद अम्मानच्या एका छापखान्यात कामाला होता. तिथेच लुजैन पुस्तकांची बांधणी करायची. लुजैनला ऐकू येत नव्हतं. तिच्या आईला, वडिलांना, काकालाही नाही. राइद वर्षभरात तिची हातांची भाषा शिकला आणि घरी येऊन म्हणाला, "बाबा, लग्न करीन तर हिच्याशीच." मुलगी शुक्रींना पाहताक्षणी आवडली. पण ज्या घरात कुणालाच ऐकू येत नाही, त्या घरात आपलं भाषण वाया जाणार, ह्या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

"दुभाषा नेऊ ना," राइद म्हणाला.

"म्हणजे माझ्या पोराची मागणी दुसऱ्याच्या हातांनी?"

"बाबा, मुलाच्या बापाने बोलायचंच नसतं. कुणीतरी वडीलधारं बोलतं."

"गावात हातांनी बोलणारा वडीलधारा दाखव. मी तोंडाला कुलूप लावतो."

असा वडीलधारा गावात नव्हता. मग राइद म्हणाला, "बाबा, लुजैनच्या वडिलांनी दोन स्थळांना नकार दिलाय. दोन्ही ऐकू येणाऱ्यांची. पोरगी त्या घरात एकटी पडेल, म्हणाले. आपल्यालाही नाही म्हणाले तर पुन्हा विचारायची सोय नाही." शुक्रींनी ऑलिव्हची बी थुंकली आणि त्याच आठवड्यात बायकोला घेऊन अम्मानच्या मूकबधिर क्लबात नाव घातलं.

शिकवणाऱ्या सिहामबाई स्वतः बहिऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'अबू राइद (म्हणजे राइदचे बाबा), तुमचा चेहरा मेलेला आहे.' हात शब्द बोलतात, पण राग, प्रश्न, लाड सगळं चेहऱ्यावर यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. शुक्रींना ते पटेना. चाळीस सूटवाल्यांसमोर भुवया उडवायच्या आणि गाल फुगवायचे? भाषण म्हणजे भारदस्त काम! त्यांनी आपलं जुनं अलंकारिक भाषण एकेक अक्षर बोटांवर घेऊन घोटायला सुरुवात केली. नुझहा, म्हणजे त्यांची बायको, नुसती सोबतीला आलेली. तिने त्यांचा दोन महिन्यांचा अभ्यास पंधरा दिवसांत उरकला.

पण शुक्रींच्या आनंदाला पारावार नव्हता. साठाव्या वर्षी माणसाला नवी भाषा फुटावी! ते आरशाशी बोलले, मांजराशी बोलले, बसच्या खिडकीतून टेकडीवरच्या बकऱ्यांशी बोलले. आणि एका शुक्रवारी बहिणीकडे जेवताना त्यांना मोठाच शोध लागला. समोर मन्सफचं, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताचं, ताट होतं, भोवती वीस माणसं. शुक्रींनी गुडघ्याच्या उंचीवर हात हलवून नुझहाला सांगितलं, "दही आंबलंय. निघूया." नुझहाने उलट सांगितलं, "गप गिळा." वीस माणसांपैकी एकालाही पत्ता लागला नाही! तेव्हापासून नवरा-बायको लग्नात, दवाखान्यात, शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाटेल ते बोलू लागले. तीस वर्षांच्या संसारात त्यांचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

(आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. शुक्रींच्या आलं नव्हतं.)

जाहाचा दिवस उजाडला. लुजैनचे वडील नायफ सोफे बनवणारे कारागीर होते. त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या बाजूची चाळीस माणसं बसली होती, बहुतेक सगळी क्लबातली. घरात एकाही खोलीला दार नव्हतं, कारण दाराआडचं बोलणं दिसणार कसं? पलीकडच्या खोलीत बायका होत्या आणि कमानीतून नुझहा शुक्रींना समोरच दिसत होती. कॉफीचा पेला आला. शुक्रींनी तो बाजूला ठेवला. वडीलधारी मंडळी अजून येत होती, म्हणून थोडं थांबायचं ठरलं. रिकामे हात, समोर बायको. सवयीने शुक्रींनी हात हलवला.

"या सोफ्याची स्प्रिंग मला जन्मभर लक्षात राहील."

नुझहाने डोळे मोठे केले.

"आणि मुलीच्या बापाचा टाय बघ. मावशीचा पडदा कापलेला दिसतो."

शुक्री आता रंगात आले होते. बायकोशी बोलताना त्यांचा चेहरा कसा जिवंत व्हायचा! स्प्रिंग म्हणताना त्यांनी कळ सोसली, पडदा म्हणताना नाक मुरडलं. शेजारच्या लठ्ठ गृहस्थाकडे डोळा घालून ते म्हणाले, "ह्याने लसूण खाल्लाय. निदान परवापासून खातोय." त्या गृहस्थाने शांतपणे खिशातून पुदिन्याची गोळी काढून तोंडात टाकली. योगायोग, शुक्रींना वाटलं.

नुझहा भराभर हात हलवत होती. शुक्रींना बोलता येत होतं, पण दुसऱ्याचे भराभर चालणारे हात वाचता येत नव्हते. "हळू, हळू," ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं, डोळ्यांकडे बोट दाखवलं, खोलीभर हात फिरवला. मुलाचं लग्न म्हणून बिचारी हरखून गेली आहे, असं शुक्रींना वाटलं. त्यांनाही भरून आलं.

"नुझहा, मुलगी सोनं आहे गं," ते म्हणाले. "आपल्या ढेरपोट्याला साधं अंडं सोलता येत नाही. तिची लायकी कुठे, याची कुठे! पण नाही म्हणाले तर पोरगा मोडून पडेल. मला खरंच भीती वाटतेय. माझे तळहात बघ, पाणी सुटलंय."

आणि तळहात दाखवायला त्यांनी हात उंच केले, तेव्हा त्यांचं लक्ष खोलीकडे गेलं. चाळीस माणसं त्यांच्या हातांकडे बघत होती. काहींचे खांदे गदगदत होते. लसणाचे गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते. कोपऱ्यात राइदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

इथे हात हलवणं म्हणजे ओरडणं, हे शुक्रींच्या डोक्यात आत्ता शिरलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं. पण धरणीला घाई नव्हती. ते उठले आणि घाईघाईने भाषण सुरू केलं. पंचवीस मिनिटं एकेक अक्षर बोटांवर, चेहरा दगडाचा. चंद्र, तारे, डाळिंबाची फुलं, आजोबांची कीर्ती. खोली निमूट बघत राहिली.

मग नायफ उठले. त्यांचे हात चालू लागले आणि राइद चाचरत मोठ्याने सांगू लागला.

"तो सोफा माझ्या हातचा पहिला. बावीस वर्षं पाहुणे त्यावर बसतात आणि वाहवा म्हणून निघून जातात. स्प्रिंग टोचते हे आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं." नायफनी टाय काढून खिशात घातला. "टाय बायकोने घेतलाय. तुमचं मत आम्हा दोघांनाही कळलं."

शुक्री घामाने थबथबले.

"ऐकू येणारी माणसं माझ्या घरी येतात," नायफ पुढे म्हणाले, "तोंडाने गोड बोलतात आणि आमच्या पाठीमागे खरं बोलतात. तुम्ही खरं ते माझ्याच घरात, माझ्याच भाषेत, इतकं खणखणीत बोललात! ज्या घरात सासरा अशी कुरकुर हातांनी करतो, तिथे माझी पोर एकटी पडायची नाही. दिली. कॉफी प्या."

टाळ्यांऐवजी चाळीस जोडी हात हवेत फडफडले. शुक्रींकडच्या बायकांनी आतून हर्षाच्या किलकाऱ्या मारल्या. राइद बापाच्या गळ्यात पडला आणि शुक्री हमसून रडले. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि जरा ताठ होऊन राइदला म्हणाले, "भाषणाबद्दल काय म्हणाले ते विचार की."

राइदने विचारलं. नायफनी भुवया उंचावून हात हलवले.

"ते विचारतायत, कुठलं भाषण? त्यांना वाटलं, तुम्ही थंड पडलेली बोटं मोकळी करताय."

महिन्याभराने लग्न झालं. हॉलमध्ये मुलाकडून कुणी बोलायचं हे नायफनी ठरवलं आणि नुझहाला उभं केलं. तिने चार मिनिटांत चारशे माणसांना रडवलं. शुक्रींनाही मानाचं काम होतं. भाषण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मान वर करावी म्हणून दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं होतं. ते काम त्यांनी फार भारदस्तपणे केलं, असं गावात सगळे सांगतात. पहिल्यांदा त्यांनी पंखे बंद केले होते, हे फक्त नुझहा सांगते.